बॉर्डरवरचं बाँजूर

अरे, फ्रेंचवरून आठवलं. माझी बायको मुग्धा वर्षभर फ्रेंच शिकतेय. इथे अमेरिकेत आमच्या व्हिसाचं काही खरं नाही, उद्या कॅनडात जायची वेळ आली तर तिथल्या अर्जात फ्रेंचचे जादा पॉइंट मिळतात, म्हणून. पण आमच्या या बेलव्ह्यू गावात तिच्याशी फ्रेंच बोलणार कोण?

परवा आम्ही गाडीने कॅनडात व्हँकूवरला निघालो. बॉर्डरवरचा कॅनडाचा ऑफिसर नियमाप्रमाणे इंग्लिश आणि फ्रेंच दोन्ही भाषांत म्हणाला, “हॅलो, बाँजूर.” झालं! मुग्धा माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली आणि फ्रेंचमध्ये सुरूच झाली. तो बिचारा लालबुंद. म्हणाला, “मॅडम, मला एवढंच येतं. पण फ्रेंच बोलायचा तुम्हाला हक्क आहे. गाडी बाजूला घ्या, मी कोणाला तरी बोलावतो.”

मी कुजबुजलो, “अगं, परत पाठवतील! इंग्लिश बोल ना!”

“तू गप्प बस. पहिल्यांदाच कोणीतरी भेटतंय.”

आतून एक वयस्कर ऑफिसर बाई आल्या, फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेकच्या. मुग्धा आधी अडखळली, पण मग दोघी अशा रंगल्या की विचारू नका. मध्येच हिचे डोळे भरून आले.

मी घाबरलो. “काय झालं?”

“त्या म्हणतात, ‘तुझं फ्रेंच सगळं कळतंय मला.’”

शेवटी बाईंनी पासपोर्ट परत दिले आणि मला इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “इकडे फ्रेंच फक्त पाट्यांवर असते हो. माझी ड्यूटी शनिवारी असते. हिला घेऊन येत जा.”