शेंदराखालचा नंबर

…नंबर हाय हो, पर दिसत न्हाई! आता ह्यात माझा काय कसूर, सांगा की तुमी! तुमाला सांगतो, आमच्या पिंगळीच्या मळ्यात चेनचा ट्रॅक्टर हाय, आबानं, म्हंजे आमच्या वडलानं, निजामाचं राज गेल्यावर लिलावात घेतलेला. चाकं न्हाईत बरं का त्याला, दोन्ही अंगाला लोखंडी पट्टे, त्याच्यावरच सरपटायचा. बहात्तरच्या दुष्काळात सारं रान सपाट केलं ह्या गड्यानं, आन् तवा जो बंद पडून बसला तो बसलाच! बसू द्या की, माझं काय जातं? लय जीव हाय माझा त्याच्यावर. आबा गेला, हा तरी हाय!

पण आमचा धाकला, लिंबाजी! रोज एकच टुमणं, "दादा, भंगारात घाल त्येला, तिथं गोठा बांधू." मी मनलं, आरं, आसली चीज मिळत न्हाई कुठं! तर मनतो कसा, "कामून? तुला कुनी सांगितलं?" आता आली का पंचाईत? शेवटी ठरलं, जाणकार बोलवायचा. नायाब, म्हंजे दुर्मिळ, निघाला तर ठिवायचा, मामुली निघाला तर भंगार!

जाणकार कोन, तर हैदराबादचे मिर्झासाब, जुन्या यंत्रायचे शौकीन. रेल्वेतून उतरले ते थेट मळ्यात. दस्तीनं घाम पुसला, खाली वाकले, आन् मनले, "किशनराव, ये दो किसम का आता था. असली रंग करडा, तो मामुली. नीला, तो नायाब!" नखानं खरवडलं... वर लाल. लालाखाली पिवळा. पिवळ्याखाली निळा! मी उडीच मारली हो! तर निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी... मिर्झासाब घाबरले, "ये क्या है मियाँ?" आता काय सांगू? पोळ्याला बैलाच्या शिंगाचा रंग उरतो, तो आमी दरसाली ह्याला देतो. बैलं रंगवायचे आन् ह्याला कोरडं ठिवायचं? त्याला काय वाटंल?

"रंग छोडो, नंबर बताओ! नंबर झूट नहीं बोलता!" हां... नंबर हाय हो, पर दिसत न्हाई! नंबराची पाटी हाय म्होरं, बरूबर कपाळावर. आन् आमच्या धुरपताबाई, आमच्या मंडळी हो, पोळा म्हनू नका, दसरा म्हनू नका, तिथंच शेंदूर लावतेत. भाकरीएवढा जाड थर! मिर्झासाब मनले, "खरवडो!" झालं! धुरपताबाई पदर खोचून आडव्या, "येड लागलं का? शेंदूर खरवडतेत व्हय कुठं? दुष्काळात ह्यानंच रान दिलं आपल्याला!" मिर्झासाबानं कानाला हात लावले, "ना बाबा, ये गुनाह हम नहीं लेते."

"मी खरवडतो! आना खुरपं!" लिंबाजी हो! मामुली निघाला म्हंजे संपलंच की! गेला ताडताड म्होरं... थांबला... आन् चपला काढल्या! मी मनलं, "लिंब्या, चपला कामून काढायलास?" "आसू दे... उगं." खुरपं पाटीजवळ नेलं, मागं बगितलं, "दादा, तू खरवड, तू थोरला हायेस." मी? मी न्हाई बाबा! मंग त्यानं खुरपं खाली ठिवलं आन् चक्क हात जोडले! नंबर हाय हो, पर दिसत न्हाई, आन् आता दिसनारबी न्हाई!

भंगाराचं नाव निघंना झालं. वाचला माझा गडी! खरं सांगतो, डोळे भरून आले. परवा हौसेनं चढलो, आबाच्या सीटवर ऐटीत बसलो, तर आखाड्यावरून, म्हंजे मळ्यातल्या खोपीवरून, कोन वरडावं? लिंबाजीच! "दादा, खाली उतर! देवाला पाय लागायलेत!"

उतरलो. काय करता? आता आपल्याच ट्रॅक्टरवर बसायचं तर नवस बोलायचा तरी कुनाला... त्यालाच?