वाटून खाल्लेल्या गोळ्या

(मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं : १९८१ सालचा भादवा. भंडाऱ्यातल्या एका दवाखान्याची तपासणीची खोली. आसगावची मनकर्णाबाई बाकावर बसली आहे. तिच्या पोटात मोठी गाठ आहे. शेजारी तिची दहा वर्षांची गिरजा. समोर डॉक्टर, आणि ते चिडलेले आहेत.)

डॉक्टर : पुन्हा सांगा. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या की नाही?

मनकर्णाबाई : घेतल्या न, साहेब.

डॉक्टर : मग रक्त वाढायला हवं होतं. आषाढात होतं तेवढंही राहिलेलं नाही.

गिरजा : मायनं एकच खाल्ली, डॉक्टर.

मनकर्णाबाई : चूप बस तू.

डॉक्टर : बोलू द्या तिला. एकच? आणि बाकीचा डबा?

गिरजा : वावरात धान रोवण्याच्या बायाईले वाटला. शिदोरी सोडली का माय डबा फिरवे.

मनकर्णाबाई : ताकदीच्या गोळ्या हायेत म्हणून तुमीच सांगतलं. साऱ्याजणी चिखलात वाकून राहिल्या, अन् मी एकटीनं तोंडात टाकू? आमच्यात वावराच्या धुऱ्यावर मिरचीचा तुकडाही कोणी एकटीनं नाही खात.

डॉक्टर : त्या बायांच्या पोटात गाठ नव्हती.

मनकर्णाबाई : कौशल्याबाई त म्हणे, मस्त हाय गोळी, कंबर नाही दुखली.

डॉक्टर : वा. कौशल्याबाईंची कंबर बरी झाली. आता तुमचं बघू. तुमचे मालक, धनीराम, बाहेर बाही वर करून बसलेत. त्यांचं रक्त तुम्हाला जुळतं. ते घ्या, परवा ऑपरेशन करतो.

मनकर्णाबाई : त्याईचं नाही चालत. कोणाचंच नाही चालत. गळ्यात माळ घातली तवापासून माही चूल अलग हाय. हे मासोळी खातेत, मोहाची दारू घेतेत. त्याईच्या ताटातला घास मी घेत नाही, अन् रक्त अंगात घेऊ?

डॉक्टर : रक्तात मासोळी पोहत नाही, बाई.

मनकर्णाबाई : तुमाले हासू येते. रक्त घ्या लागलं त म्हणून यष्टीत सारा रस्ता हे बी समजावून राहिले होते. म्हणे, माळ काढून ठेव, बरी झाली का घाल. म्या सांगतलं, माळ काढून मले जगायचंच नाही. तुमी तसंच करा न ऑपरेशन. माही मरायची तयारी हाय.

डॉक्टर : माझी नाही.

गिरजा : रक्त नाही घेतलं त काय होते, डॉक्टर?

डॉक्टर : धानाची बांधी पाण्यानं काठोकाठ भरलेली आहे आणि तिच्या कडेचा धुरा फुटला, तर काय होतं?

गिरजा : थोडं पाणी जाते. तवरी बाबा माती लावतेत.

डॉक्टर : आणि आधीच पाणी तळाला गेलेलं असलं तर?

गिरजा : माती लावेपर्यंत बांधी सुकते.

डॉक्टर : तुझ्या आईचं तसंच आहे. पोट उघडलं की रक्त जाणारच. मी नस बांधेपर्यंत तिच्या हृदयाला पुरेल एवढं उरणार नाही. सलाईन लावीन, पण ते मिठाचं पाणी. रक्ताचं काम त्याला जमत नाही. तुझे बाबा बाहेर हात पुढे करून बसलेले असतील, आणि मी आत नुसता बघत राहीन. कळलं का, मनकर्णाबाई?

मनकर्णाबाई : कळलं. मंग गाठ घेऊनच फिरू का?

डॉक्टर : तुमची माळ मी काढायला लावत नाही. आता तुमचंच रक्त वाढवायचं, एवढाच रस्ता उरला. गाठीमुळे अंगावरून रक्त जातं, ते थांबवायला वेगळं औषध देतो. ह्या गोळ्या रोज, जेवल्यावर. दिवाळीपर्यंत रक्त वाढलं तर ऑपरेशन करीन. तरी धोका राहीलच, फक्त कमी होईल. नाही वाढलं, तर मी सुरी हातात धरणार नाही.

मनकर्णाबाई : आता निंदणाच्या बाया येतीन. त्याईच्या समोर…

डॉक्टर : बांधावर नेऊच नका. घरी खा.

मनकर्णाबाई : घरी ही रायते न समोर. पोरीले न देता मायनं खावं?

डॉक्टर : हो, खावं. लेकरांना ह्या गोळ्या बाधतात. किती वेळा सांगू? मी थकलो आता. गिरजा, तूच बघ बाई.

गिरजा : डबा मले द्या, डॉक्टर. अन् पाणी. माय आताच जेवली, यष्टी स्टँडवर.

मनकर्णाबाई : इथंच? तुह्या समोर, एकटीच?

गिरजा : हो. मी पाहून राहिली. आ कर, माय.