तबकडीतला निम्मा आवाज

तबकडी नुसती मिळणार न्हाय, हिंदुराव. व्हय, ऐकलं की — करकंबच्या लग्नाला भोंगं पायजे, माईक पायजे आन् ती जर्मनीची तबकडी पायजे, माणूस तेवढा नको. पण बार्शीच्या वरातीत ज्या आवाजावर तुमचं पाय हाललं, त्यो तबकडीत निम्माच हुता. बसा. चहा सांगितलाय — नव्या पेठंत चहा येईस्तवर तुमची धाकटी बी लग्नाला येईल.

तबकडी माझ्या भाच्यानं आणली, जहाजावर असतो. तिच्यात माणूस गातच न्हाय, यंत्र गातं — पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडून त्याला शाळंत घातल्यासारखं. आन् खाली ठेका कसा? आपला माग चालल्यागत, खटाक खटाक, एक धागा तुटायचं काम न्हाय. बार्शीत नवरीची आजी गोजरबाई, तिनं इचारलं कोण गातंय? म्हणलं, जर्मनीचा भटजी हाय, पडसं झालंय त्याला. म्हातारीनं भोंग्यावर अक्षता टाकल्या की.

आन् उरलेला निम्मा आवाज? त्यो सिद्रामचा. सिद्राम म्हंजे आमच्या पेठंतला लेझमीचा म्होरक्या — तीस वर्षं डाव पुकारले, गळा असा की माईक दिला तर माझंच भोंगं फाटायचं. त्या गळ्यात गाठ झाली. मुंबईला कापलं — जीव ऱ्हायला, आवाज गेला, श्वासापुरतं गळ्याला भोक ऱ्हायलं. डाक्टरनं एक यंत्र दिलं, बॅटरीएवढं, गळ्याला दाबून तोंड हालवायचं, की भुंग्यागत बोल निघतो. पेठंत आला, चार शब्द बोलला — आन् एका गाढवानं पानाचा डबा गळ्याला लावून हुबेहूब नक्कल केली. सगळी पेठ हसली. सिद्राम बी हसला, पण त्याचं हसू कुणाला ऐकू येतंय? त्या दिवशी यंत्र पेटीत गेलं ते वरीसभर. पाटीवर खडूनं लिहायचा — 'बरा आहे.' कोण गाढव? हुता एक. तुमी चहा घ्या, आला.

मग तबकडी आली. मी सुई ठेवली आन् — हसलोच न्हाय. मी — ऐकताय न्हवं, हिंदुराव? म्हणलं, ह्यो तर आपला सिद्राम बोलतोय. वायरी धराय म्हणून त्याला बार्शीला नेला, यंत्र त्याच्या बायकोकडनं गुपचूप घेतलं. वरात रंगात आली, तसं यंत्र त्याच्या हातात दिलं, पाटी काढून घेतली, माईक तोंडाम्होरं धरला. असा बघितला माझ्याकडं — वाटलं, आता लेझीम टाळक्यात बसतीय. मग लावलं गळ्याला. "बैठा डाव. एक, दोन." ठेक्यात, तबकडीच्याच आवाजात. दोनशे माणूस एकदम खाली बसलं. कुणाला कळलंच न्हाय, यंत्र कुटं संपलं आन् माणूस कुटं लागला. तुमाला तरी कुटं कळलं?

आता म्हणता, गळ्याला भोक हाय, व्याह्यांम्होरं बरं दिसत न्हाय. मग पडद्यामागं बसवू? न्हाय. म्होरं उभा ऱ्हाणार त्यो, फेटा बांधून. न्हायतर जावा, दुसऱ्याची भोंगं घ्या, सनई लावा.

हात नका लावू त्या डब्याला. पान न्हाय त्यात. वरीस झालं, रिकामाच हाय — टाकवत न्हाय, एवढंच. असं काय बघताय?

गप. सिद्राम आला दारात. मी काय बी बोललो न्हाय. उठा, तुमीच इचारा त्याला करकंबला येतो का — बोलंल त्यो. आन् हसू आलं तर रस्त्यावर जाऊन हसा.