डेल्मर बुलर याने माझ्या ज्वारीतला मका कापल्याबाबत

मी, लव्होना उन्रू, वय ६९ वर्षे, धंदा शेती, राहणार गावाच्या उत्तरेला कच्च्या रस्त्यावरचे शेवटचे घर, कान्सास, शेरीफच्या कचेरीत समक्ष हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती ऑर्व्हल हयात नाहीत. मे महिन्यात माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले, म्हणून शेजारी डेल्मर बुलर याने माझी ज्वारी पेरून दिली. आमच्याकडे आजाऱ्याचे शेत शेजारी पेरतात, त्यात कोणी उपकार मानत नाही. गेल्या साली त्या शेतात मका होता. त्याचे सांडलेले दाणे यंदा ज्वारीत आपसूक उगवले व तिच्या वाटणीचे पाणी पिऊ लागले. असे होणार हे धरूनच मी तणनाशकाला दाद न देणारे ज्वारीचे बी घेतले होते. फवारले की मका मरतो, ज्वारी राहते. फवारणी उद्या आहे.

आज उजाडताना ओढ्याकडच्या ओळींत कोणी वाकलेला दिसला, म्हणून मी इथे फोन केला. आपल्या शिपायाने धरला तो डेल्मर निघाला. हातात लांब दांड्याचे खुरपे, पायाशी कापलेला मका. तो कारण सांगेना. उलट "गुन्हा नोंदवा," म्हणाला. माणूस पहिल्यापासून हेकट आहे. शेवटी इथे कचेरीत मीच विचारले.

"बोल की म्हाताऱ्या! जीभ शेतात विसरून आलास का?"

"उद्या त्या ओळींवर औषध मारू नकोस."

"का म्हणून?"

"त्या ओळी पेरताना तुझं बी संपलं. दुकान लांब, पाऊस डोक्यावर. मग पेरणीयंत्राच्या पेटीत माझं साधं बी ओतलं. मक्याबरोबर ती ज्वारीपण जळेल."

"अरे, मग सांगायचं ना!"

"सांगणारच होतो. पण तू चर्चमध्ये सगळ्यांदेखत म्हणालीस, ओळी ऑर्व्हलच्या तोडीच्या झाल्यात. मग तोंडच उघडेना."

यावर मला आधी हसू आले व मग रडू आले. शिपायाने रुमाल दिला.

डेल्मरविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. अर्ध्या ओळींत मका अजून उभा आहे, तरी त्याला लवकर सोडावे. तो माझ्याकडे न्याहारी करून कामाला लागेल. त्या ओळी सोडून फवारायला मी फवारणीवाल्याला सांगणार आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. खाली एवढे वाढवावे, की ओळींबद्दल चर्चमध्ये जे म्हणाले ते माझे म्हणणे, हे सगळे कळल्यावरही, कायम आहे.