मी टाकून दिलेलं शून्य

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सगुणाबाई, देवाजीभाऊंच्या पत्नी म्हणून तुम्ही समोर बसल्या आहात, त्यामुळे बोलणं जास्तच कठीण जातं आहे. चूक होऊ नये म्हणून लिहून आणलं आहे.

देवाजीभाऊंना मंगळवारी सकाळी मोहाची फुलं वेचायला जाताना वाटेवर अस्वलानं मारलं, हे तुम्हाला माहीत आहे. मी सांगणार आहे ते तुम्हाला माहीत नाही.

त्या वाटेवर आम्ही दोघांनी यंत्र लावलं होतं. ते कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतं. समोरच्या खांबावर आपटून तो परत आला, की अंतराचा आकडा दाखवतं. वाट मोकळी असली, की दोनशे चाळीस सेंटीमीटर. कोणी आडवं आलं, की आकडा उतरतो आणि भोंगा वाजतो. भोंगा गप्प असला, की मगच फुलं वेचायला टोपली उचलायची, असं ठरलं होतं.

खांब भाऊंनी रोवले. प्रोग्राम मी लिहिला. दहावीनंतर मी शिकलो नाही, म्हणून एकेक वायर तीनदा तपासायचो. भाऊ हसायचे. “बाबू, तुही नवरी आली तं तिलेबी मशीनीसमोर उभी करशीन का बे?”

मग मधूनच शून्य येऊ लागलं. शून्य! खांब तर जागेवर. मी वायर बदलली, बॅटरी बदलली. तरी शून्य. आणि दर शून्याला भोंगा. तुम्ही गावकरीच म्हणालात ना, “हा भोंगा उगाच बोंबलते”?

भाऊंनी विचारलं, “झीरो म्हणजे काय रे?”

“आवाज वापस आला नाई, भाऊ. तार ढिली असन.”

“तार ढिली हाय, तं दुपारी काऊन नाई येत? सकाळीच काऊन येते?”

मी प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली. शून्य आलं, तर सोडून दे. भोंगा गप्प झाला. तुम्ही खूश झालात. मीही झालो.

मंगळवारी भाऊ सगुणाबाईंना म्हणाले, “भोंगा नाई वाजला. रस्ता मोकळा हाय.” आणि निघाले.

यंत्रात नोंद राहते. भाऊ निघाले त्याआधी सलग सात शून्यं आहेत.

परवा मी भाऊंची घोंगडी यंत्रासमोर धरली. शून्य. घोंगडीची लोकर काय, अस्वलाचे केस काय, दाट केस आवाज गिळतात. तो परत येतच नाही. यंत्र बरोबर सांगत होतं. सकाळी वाटेवर कोण येतं, ते रोज सांगत होतं. भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी ऐकलं नाही.

सगुणाबाई, माफी मागायला तोंड नाही.

ती ओळ मी काल काढली. आज सकाळी भोंगा दोनदा वाजला. अस्वल अजून तिथेच आहे. मोहाची फुलं गळताहेत, माहीत आहे. पण उद्या कोणी जाऊ नका.

आता भाऊंसाठी दोन मिनिटं उभे राहू. वाट या सभामंडपाच्या मागूनच जाते, आणि यंत्र सुरू आहे. शांततेत भोंगा वाजला, तर उगाच वाजतो असं कोणी म्हणू नका. लेकरांना आत घ्या आणि दार लावा.

उभे राहू या.