लोण्याचा गुडघा

…नाही दादा, मुरगळला-बिरगळला काही नाही, आधी ही सिरिंज बघ — बघ म्हणते ना, तोंड काय फिरवतोस! तुमच्या लोण्याच्या गुडघ्यातलं पाणी आहे हे. चांगलं असतं तेव्हा स्वच्छ असतं, चिकट, बोटांत धरलं तर तार निघते. आणि हे? गढूळ, पातळ, तार नावालाही नाही. जंतू शिरलेत सांध्यात. कुठून? त्या भांडणातून, दुसरं काय! त्या दुसऱ्या कुत्र्याचा दात थेट आत गेला, वरची जखम मिटली, तुम्ही म्हणालात बरा झाला. झाला? गुडघा तव्यासारखा तापलाय, हात लावला की विव्हळतोय — आणि वर सूज उतरवायच्या गोळ्या चारल्यात! बाबांच्या! सांधेदुखीच्या! चार पावलं नीट टाकली म्हणून खूश? अरे, सूज दबली नि जंतूंना रान मोकळं मिळालं. घरात डॉक्टर असताना — हो, जनावरांची का असेना, आहे ना? एक फोन करायला बोटं झडली होती?

तू दिल्यास? चल, थापा मारू नकोस. ह्याच्या वाटीत कधी पाणी तरी घातलंयस? गोळी द्यायची तर जबड्यात हात घालावा लागतो, आणि तो हा एकाच माणसाला घालू देतो. म्हणजे बाबांनीच स्वतःच्या गोळ्या ह्याला दिल्या आणि स्वतः — भिंत धरून चालत असतील, हो ना? खाली काय बघतोस? एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी जोडी! मुलगी कुत्र्यामांजरांत रमली म्हणून ह्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत कधी — ठीक, नका चढू, मला काही फरक पडत नाही, सवय झालीय — पण त्या हट्टापायी ह्याचा पाय पणाला लावायचा?

वाचेल का? सांगता येत नाही. आत्ता भूल देऊन सांधा धुणार, पाणी तपासायला पाठवणार, जो जंतू निघेल त्याचं औषध कित्येक आठवडे — लंगडणं थांबलं तरी बंद करायचं नाही. एवढं करूनही सांधा गेला तर गेला. सारखं खिडकीकडे काय बघतोस? कोण आहे गाडीत? …मघापासून?

जा, घेऊन ये त्यांना. पाय जाऊ शकतो हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकायचं. आणि सांग, भूल चढेपर्यंत लोण्याच्या डोक्यावर त्यांचाच हात लागेल, माझा त्याला चालत नाही. थांब — ती खुर्ची आत सरकव आधी, उभं राहवणार नाही त्यांना. आता बघतोस काय? जा!