जागा बांधून घेतली तेव्हा

आमचा आज्जा कोकनातला, म्हाडकडचा. जहाजातनं समुद्रापल्याडच्या ह्या बेटावर उसाच्या कामाला आनला, त्यो हितंच मेला. मी जन्मले ती त्रियोलेकडच्या मळ्याच्या कांपात, मजुरांच्या खोल्यांत. खोली मालकाची, म्हंजे मानूसबी मालकाचंच की वो. म्हनून माज्या घरवाल्यानं मळ्याच्या कडंला आपला जमिनीचा तुकडा घेतला तवा मला किती आनंद झाला, काय सांगू तुमाला! दगडाळ तर दगडाळ, आपला तर हाय!

आता आमच्यात रीत आशी, नव्या जागेत ऱ्हायला जायचं तर आदी जागा बांधून घ्यायची. म्हंजे तिथं कोन आदीचा मेलेला आसंल तर त्येनं घरात फिरू नये म्हनून चारी कोपऱ्यांत लिंबू ठेवून लोखंडी खिळे ठोकायचे. माज्या सासूनं तिच्या बापाकडनं शिकलेलं समदं केलं, गाऱ्हानं घातलं, बा म्हाराजा, आसशील तिथनं हलू नको. झालं, आमी निर्धास्त. कसलं निर्धास्त वो!

दुसऱ्या दिशी सकाळी घरवाला कोयता घेऊन कामाला निघाला आन् हद्दीच्या दगडापाशी थांबला. मी म्हनलं काय झालं, तर म्हनतो पाय उचलत न्हाय. मी हासले, म्हनलं नाटकं पुरे, मळ्याचा मुकादम, त्यो सिरदार, कामावरनं काढंल. पन त्येचं तोंड बघितलं आन् हासू गेलं माजं. हद्दीच्या आत सरळ चालायचा, भाईर पाऊल न्हाय. आन् घोट्याभवती कातडी सोलत चालली, गोल, कडं घातल्यावानी. भर उन्हात आमी आंगनात बसलेलो आसायचो आन् मागनं लोखंड घासत न्हेल्याचा आवाज यायचा, वळून बघावं तर आंगनाच्या कडंचा नुसता दगडांचा ढीग. सिरदार निरोप धाडायचा, ये न्हायतर दुसरा घेतो. काम गेलं की जागेचे हप्ते थकनार, जागा जानार, आन् परत कांपात. माज्या पोटात मूल व्हतं, त्ये कांपात जन्मू नये येवढंच मी देवाला मागायची.

शेजारी एक क्रेओल म्हातारी ऱ्हायची, तिचे वाडवडील ह्याच मळ्यावर गुलाम. ती आली, घोटा बघितला, मंग कोपऱ्यातले खिळे बघितले. म्हनली, अगं बाये, ह्या दगडांच्या ढिगाखाली साखळीत मेलेला गुलाम मानूस पुरलाय, त्येला तुमी परत बांधलात? आमी तरी काय जानावं वो, आमी आपली रीत केली!

मंग सासूनंच हातानं माती उकरून खिळे काढले, बोटं रगताळली पन दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाय. गाऱ्हानं उलटं घातलं, त्येबी म्हातारीच्या क्रेओल बोलीत, त्येला आमची मराठी कुठनं कळनार? ‘तो लिब’, म्हनली, म्हंजे तू मोकळा बाबा, जा. शेवटचा खिळा निघाला आन् घरवाला चालत हद्दीभाईर गेला, रस्त्यावर जाऊन रडत बसला.

मूल आपल्या घरातच झालं माजं. आता देश सोतंत्र झाला, नवा झेंडा लागलाय, पोरगी साळंत जाती. पन त्यो साखळीवाला गेला न्हाय. आवाज थांबला, तरी दुपारच्याला ढिगावर कोनतरी बसल्यावानी वाटतं, कुत्रं तिकडं जात न्हाय. पयल्यांदा मी भ्याले, वराडले, आरं सोडलंय की तुला, जा की! मंग माजं मलाच कसंतरी झालं. जानार कुठं त्यो? जिथनं धरून आनला त्या मुलखात त्येचं कोन ऱ्हायलं आसंल? आता रोज जेवताना थोडा भात तिथं ठेवती. ऱ्हा म्हनती बाबा, नगं वाटंल तवा जा, हितं कुनी तुजा मालक न्हाय.